बारावा पदार्थ

७ एप्रिल

पेइ-छी,

मात्सू देवीच्या जन्मदिवसाची देवळाची पंगत यंदा माझ्याकडून काढून शहरातल्या एका हॉटेलाला द्यायची, असं जवळजवळ ठरलं आहे. ही ऐकीव बातमी नाही. देवळाचे को अध्यक्ष आज सकाळी स्वतः दारात येऊन सांगून गेले.

"तुमच्या मुलीचाच फोन होता ताइपेहून," ते म्हणाले. "आई थकली, विसरायला लागली, तिला आता काम देऊ नका, म्हणाली. पोटच्या पोरीनेच असं सांगितल्यावर आम्ही काय बोलायचं, लुआनबाई?"

मी चहा पुढे केला. नको नको म्हणत उभ्या उभ्या दोन कप प्यायले आणि गेले.

तर आता माझं ऐक. पंगत मीच करणार आहे. ठरलं ते त्यांचं ठरलं, माझं नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस. नववर्षाच्या जेवणावरून उठून गेलीस ती गेलीसच. परवा तुझ्या बाबांच्या थडग्यावरचं गवत काढायलाही आली नाहीस, मी आणि तुझ्या थियानमामाने काढलं. म्हणून हे इथे लिहिते आहे, फोनमधल्या वहीत, आपल्या सामाईक पानावर. हे ॲप तूच घालून दिलंस, बोटाने अक्षरं काढली की छापील होतात हे तूच दाखवलंस. आणि दुसऱ्या कुणी पान उघडलं की वर कोपऱ्यात त्याच्या नावाचं गोल चिन्ह येतं, हेही. तुझं हिरवं आहे. गेल्या आठवड्यात ते येऊन गेलं. म्हणजे बोलत नाहीस, पण डोकावतेस. डोकाव. पान तुझंही आहे.

नववर्षाच्या त्या जेवणात तू माझा फोन उचलून सगळ्यांपुढे वाचलास. "गॅस बंद केला का, परत बघ." "निळी बादली मासळीची, लाल भाजीची." "थियानला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोलायचं." आणि म्हणालीस, "सख्ख्या भावाचा कुठला कान चालतो हे जिला लिहून ठेवावं लागतं, तिने गावजेवणं करायची?"

थियान हसला. त्याला वाटलं तू जेवणाची तारीफ केलीस. तू त्याच्या उजवीकडे बसली होतीस.

आई


१३ एप्रिल

पेइ-छी,

तुझं चिन्ह काल बराच वेळ होतं. काही लिहिलं नाहीस. मग मीच लिहिते.

तुला माझ्या नोंदी म्हणजे आजाराची लक्षणं वाटतात. त्या कशाच्या आहेत ते सांगते.

बादल्यांची नोंद माझ्यासाठी नाही. भांडी घासायला सुईबाई येते तिच्यासाठी आहे. तिच्या फोनवरही पान उघडतं. तिने एकदा कोळंबी लाल बादलीत धुतली आणि शाकाहारी टेबलावरचा बांबूचा कोंब मला फेकून द्यावा लागला. "को घराणं: थोरली आणि धाकटी जाऊ एका टेबलावर नको" हे मी विसरेन म्हणून नाही, टेबलं मांडणारी माणसं दर वेळी नवीन असतात म्हणून. "लिन गुरुजींच्या घरी गोमांस चालत नाही." "चांग कुटुंब: आजोबांना दात नाहीत, डुकराचा खूर दुप्पट शिजवणे." धुण्याच्या यंत्राच्या बटणांचा फोटो आहे, कारण त्यावरची अक्षरं झिजली, मी नाही. तुझ्या बाबांच्या आवडीचं लोणचं कसं घालायचं तेही आहे. ते मला पाठ आहे. ते तुझ्यासाठी लिहिलं होतं. ते तू वाचून दाखवलं नाहीस.

तुझ्या ऑफिसात सगळे असंच लिहितात ना? बैठकीत कोण काय म्हणालं, कुणी काय करायचं. तुझे साहेब फोनमध्ये न बघता एक वाक्य बोलत नाहीत, असं तूच हसून सांगायचीस. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. ते लिहितात तेव्हा व्यवस्थित, मी लिहिते तेव्हा म्हातारी.

डॉक्टरांचं म्हणशील तर तू नेलंस तेव्हा ते काय म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले. वयाप्रमाणे आहे, लक्ष ठेवा. तू "लक्ष ठेवा" ऐकलंस, मी "वयाप्रमाणे आहे" ऐकलं.

थियानने तुला वाफेच्या टोपातलं पाणी आटल्याचं सांगितलं असेल. टोप जुना आहे.

खरं दुखणं को घरच्या साखरपुड्याचं आहे, हे मला कळतं. आपल्याकडे सुखाच्या जेवणाला पदार्थ सम, म्हणजे बारा. मयताच्या जेवणाला विषम. हे लहान पोरालाही कळतं, आणि अध्यक्षांच्या नातीच्या साखरपुड्याला माझ्या मांडवातून अकरा गेले. लोक बसून राहिले. शेवटी गोड सूप आल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि ते तर येईना. मी मागे भांडी आवरायला लागले होते. को आजींनी बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हा माझ्या नातीचा साखरपुडा आहे की माझी मयत?"

थियानने घाईघाईने कलिंगड कापून पाठवलं. तोवर आजी उठल्या होत्या.

मी बाहेर गेले, वाकले आणि म्हटलं, चूक माझी. तुझ्याबरोबर सगळ्या गावाने ते ऐकलं. ती कशी झाली ते मला ठाऊक आहे. पण तो विषय मी तिथेच मिटवला आहे. एवढ्यावरून कुणी माझी कढई काढून घेणार असेल तर त्याने आधी ती उचलून दाखवावी.

आई


१६ एप्रिल

पेइ-छी,

तुझा प्रश्न दिसला. पानाच्या कडेला, पिवळ्या चौकोनात. "आई, पण तू मोजलं का नाहीस?"

नववर्षापासून तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. त्यात "कशी आहेस" नाही, पण "आई" आहे. चालेल.

मी सांगणार नव्हते. पण विचारलंस, तर सरळ उत्तर घे.

शरदातल्या पौर्णिमेच्या सुट्टीत तू घरी आलीस, अंगणात मांस भाजलंस, पपनस सोललंस आणि दुपारभर माझा फोन घेऊन बसलीस. "आई, किती पसारा आहे या वहीत, मी आवरून देते." आवरलंसही छान. रंग दिलेस, खुणा करायला चौकोन दिलेस, बाजाराची यादी मेन्यूवरून आपोआप तयार होईल असं काहीतरी केलंस. मी सगळ्यांना दाखवलं, माझ्या मुलीने केलं म्हणून.

को साखरपुड्याचं पान तेव्हा तयार होतं. त्यात सहाव्या ओळीवर "गोड गोळ्यांचं सूप" आणि बाराव्या ओळीवर "गोड गोळ्यांचं सूप". ऑफिसात तू रोज हेच करतेस, दोन सारख्या ओळी दिसल्या की एक पुसायची. तू बारावी पुसलीस.

अर्धं जेवण झालं की एकदा गोड, आणि जेवण संपलं की परत गोड. तुझं लग्न ठरलं असतं तर त्याचंही जेवण आम्ही असंच घातलं असतं. इतकी वर्षं माझ्या मांडवात वाढलीस, पण तू नेहमी मागे, कांदापात निवडायला. पुढे टेबलावर बसून शेवटपर्यंत जेवलीसच नाहीस. तुला कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. कळलं नाही, एवढंच.

ओळ गेली तशी बाजाराच्या यादीतूनही दुसऱ्या वेळच्या गोळ्या गेल्या. थियानने यादीप्रमाणे आणलं. सुईबाईने यादीप्रमाणे वाट्या काढल्या. मी यादीप्रमाणे खुणा केल्या आणि सगळे चौकोन भरले तेव्हा शेगडी बंद केली.

हे मला कसं कळलं? मोबाइलच्या दुकानातल्या बाईने पानाच्या जुन्या आवृत्त्या काढून दाखवल्या. कुठल्या दिवशी कुणी काय पुसलं ते तिथे नावासकट राहतं. ती म्हणाली, "मावशी, हे तुमच्या मुलीचं नाव आहे का?" मी म्हटलं, माझ्या मुलीचं नाव खूप जणींचं असतं.

आता तुझा प्रश्न. मी मोजलं का नाही? कारण यादीवर माझा विश्वास होता. ती तू आवरली होतीस. पूर्वी मी पदार्थागणिक एक चॉपस्टिक टोपलीत टाकायचे. तू म्हणालीस, आता त्याची गरज नाही. मी टाकली नाही. पोरीने दिलेलं हत्यार वापरलं, याला विसरणं म्हणत असतील तर म्हणोत.

तू पुसलंस म्हणून मी रागावलेले नाही. पुसून वर मला गावापुढे वेडी ठरवलंस, त्याचा राग आहे. तो उतरेल. पंगत झाली की बघू.

आई


२७ एप्रिल

पेइ-छी,

को साखरपुड्याच्या जुन्या पानावर बारावी ओळ परत आली आहे. तू परत लावलीस. जेवून गेलेल्या पंगतीत आता पदार्थ वाढून काय उपयोग, पण दिसलं.

इकडे काय झालं ते सांगते, कारण उद्या दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगेल.

हॉटेलचा माणूस देवळात आला होता. चकचकीत कार्ड, त्यावर पदार्थांचे फोटो, नावं अशी की कोंबडी कुठली आणि बदक कुठलं कळेना. सगळ्या समितीला एकेक वाटलं. मी उठून म्हटलं, "जेवण देवीचं आहे. कार्ड तिला दिलंत का?"

को अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे काय करायचं?"

"कौल लावा. ती नको म्हणाली तर मी कढई विकते."

देवीला विचारू नका असं देवळात कोण म्हणणार? तुझ्या मामाने माझा हात दाबला. मी तो झटकला.

अध्यक्षांनी चंद्रकोरीसारखे ते दोन लाकडी कौल हातात घेतले, गुडघे टेकले आणि विचारलं, "लुआनबाईंना आता विश्रांती द्यावी का?" टाकले. दोन्ही उताणे पडले. परत टाकले, परत दोन्ही उताणे. म्हणजे होकार नाही, नकारही नाही. देवी हसली.

को आजी खुर्चीत बसल्या होत्या. "तुला हसतेय ती, आ-लुआन," त्या म्हणाल्या.

"हसू दे आजी. इतकी वर्षं माझ्या हातचं खाते, तिला हक्क आहे. पण प्रश्नच चुकलाय म्हणून हसतेय. विश्रांती मी मागितलेलीच नाही, ती देणार कुठून? असं विचारा, लुआनच्या हातचं जेवणार का?"

हॉटेलचा माणूस मध्येच म्हणाला, "आमच्याकडे सगळं संगणकावर असतं, चूक होतच नाही."

"हिच्याकडेही फोनवर असतं," को आजी म्हणाल्या. "त्यातच माझ्या नातीचा एक पदार्थ बुडाला. तुमच्याकडे किती बुडतात ते तुम्ही थोडंच सांगणार?"

आजी माझ्या बाजूने बोलल्या असं समजू नकोस. त्या कुणाच्याच बाजूने बोलत नाहीत.

अध्यक्षांनी नव्याने विचारलं. एक उताणा, एक पालथा: होकार. दुसऱ्यांदा तसंच. लागोपाठ तीन हवेत. तिसऱ्या वेळी एक कौल उताणा पडला आणि दुसरा घरंगळत नैवेद्याच्या टेबलाखाली गेला. अध्यक्षांची कंबर वाकेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी को आजीच काठी टेकत उठल्या, वाकून टेबलाच्या पडद्याखाली बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

"आजी, काय आहे?"

"थांब गं. जाळी झालीय इथे. देवळात झाडू कोण मारतं?" मग म्हणाल्या, "पालथा."

मी उदबत्ती लावायला काडी ओढली, ती दोनदा विझली. पंखा जोरात होता.

आजी परत खुर्चीत बसल्या आणि त्यांनी अट घातली. "देवी जेवेल. पण मीही जेवणार आहे. ताटं मोजायला मांडवाच्या तोंडाशी दुसरं कुणीतरी उभं राहील. ही नाही. आणि हा बहिराही नाही."

थियान म्हणाला, "हो, हो, गाडी मी आणतो."

मी म्हटलं, माझी मुलगी मोजेल.

"जिने आईला काम देऊ नका म्हणून फोन केला, ती?"

"तीच. तिच्याइतकं काटेकोर कुणी नाही. सारख्या दोन ओळी तिला खपत नाहीत."

याचा अर्थ तिथे कुणाला कळला नाही. तुला कळेल.

तू मला विचारलं नाहीस आणि अध्यक्षांना फोन केलास. मी तुला विचारलं नाही आणि तुझं नाव दिलं. आता आपण दोघी सारख्या. तू आली नाहीस तर पंगत हॉटेलाची, असं कागदावर लिहून घेतलं आहे. मी सही केली.

आणखी एक. थियान सांगण्याआधी मीच सांगते. परवा मी स्कूटर जुन्या बाजाराकडे वळवली. तो पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे, हे मला माहीत आहे. तिथे पोचल्यावर माहीत झालं असं म्हण हवं तर. परत फिरले, नव्या बाजारातून बदकं घेतली, उत्तम निघाली. आणि वहीत लिहिलं: "बाजार: पुलापलीकडे." कुणापासून लपवलेलं नाही. पान तुझ्यासमोरच आहे.

सुरीची धार गेली की पाट्यावर घासतात. उद्या आणखी जाईल, आणखी घासेन. ज्या दिवशी पातंच उरणार नाही, त्या दिवशी मी स्वतः ती खाली ठेवीन. ते तू, अध्यक्ष आणि हॉटेलवाल्याने मिळून ठरवायचं नाही.

आई


८ मे

पेइ-छी,

मांडव लागला. यंदा देवळासमोरचा रस्ता पार चौकापर्यंत बंद केला आहे. लाल टेबलं आली, स्टुलं आली, काही स्टुलांचे पाय हलतात, ती समितीच्या टेबलाला दिली आहेत. खूर सकाळपासून शिजताहेत. सुईबाईने बादल्यांना निळ्या-लाल चिंध्या बांधल्या आहेत आणि वर मलाच विचारते, "मावशी, निळी कशाची?" मी म्हटलं, वहीत बघ.

थियान सांगत होता, तुझा त्याला फोन आला होता. फोन त्याने उजव्या कानाला लावला, म्हणून अर्धंच ऐकलं. "स्टेशनपासून देऊळ किती लांब असं विचारत होती," म्हणाला. ज्या रस्त्याने रोज शाळेत गेलीस तो किती लांब हे तू मामाला विचारतेस. लिहून ठेवायचं होतंस. मी काही बोलत नाही.

तुझं हिरवं चिन्ह आत्ता वर दिसतं आहे. वाचते आहेस. मग नीट वाच.

उद्याचं पान वेगळं केलं आहे. बाराही ओळी लिहिल्या आहेत, सहावी आणि बारावी सारखीच आहे, आणि दोन्हींपुढे मी लिहिलं आहे: "हे असंच असतं." मोबाइलच्या दुकानातल्या बाईकडून पानाला एक कुलूप लावून घेतलं आहे. तुला त्यात खुणा करता येतील. पुसता येणार नाही. मलाही येणार नाही, तसंच कुलूप लावायला सांगितलं. दुकानातली बाई म्हणाली, "मावशी, मग काही चुकलं तर?" मी म्हटलं, "मग दोघी मिळून तुझ्याकडे येऊ."

शेवटी चॉपस्टिकची टोपलीही ठेवली आहे. तुझा फोन बंद पडला तर ती असेल, मी विसरले तर तू असशील, आणि तू गोंधळलीस तर को आजी पहिल्याच टेबलावर बोटं घेऊन बसल्या आहेत.

लवकरची गाडी धर. थियान स्टेशनवर येईल, त्याच्या डावीकडे बस. घरी जाऊ नकोस, सरळ मांडवात ये. तुझा एप्रन खिळ्याला टांगला आहे. आल्या आल्या भांडायचं असेल तर कांदापात निवडता निवडता भांड, हात मोकळे ठेवू नकोस. तुझं फोनवरचं ते बोलणं मी विसरलेले नाही. तेवढं वहीत लिहायची गरज पडली नाही.

उद्या दुपारी फटाके वाजतील, धूर खाली बसला की थंड मांसाचं पहिलं ताट बाहेर जाईल. त्यानंतर एकामागून एक. मी कढईपाशी असेन, मान वर करणार नाही. तू मांडवाच्या तोंडाशी उभं राहायचंस, प्रत्येक ताट तुझ्यासमोरून जाईल. शेवटच्या गोड सुपाची पहिली वाटी बाहेर पडेल तेव्हा खूण करायची आणि मोठ्याने म्हणायचं, "बारा." को आजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मागे मलाही.

आई